नकाशाच्या टप्प्यावरच कंत्राटदार आणायचा का? (स्वयंपुनर्विकास, म्हणजे बिल्डरविना स्वतःच इमारत नव्याने बांधणाऱ्या सोसायटीचा ग्रुप)

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. रविवारी एक विषय अर्धवट राहिला. आर्किटेक्ट म्हणतात, नकाशे पक्के व्हायच्या आधीच कंत्राटदार बरोबर घ्या. सर्वसाधारण सभेआधी इथे मोकळेपणाने बोला.

बी-३०२: माझं मत हो. मी साइटवरच नोकरी करते. मायवान शटरिंगमध्ये, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांत, भिंती आणि स्लॅब एकाच वेळी भरतात. वायरचे पाइप, स्विचबोर्डच्या पेट्या काँक्रीटच्या आधी सळईला बांधाव्या लागतात, नंतर भिंत फोडून चालत नाही. साचेही नकाशाबरहुकूम बनून येतात. मग कुणी म्हणालं बेसिन पलीकडे घ्या, की खर्च आणि खोळंबा. काम करणारा आधीपासून बसला तर हे कागदावरच सुटतं.

ए-१०४: ताई, पटतं. पण दराचं काय? कंत्राटदाराच्या सोयीचा नकाशा झाला की दुसरा कोण निविदा भरायला येणार? सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालच्या पुनर्विकासाच्या ४ जुलै २०१९ च्या सूचनांचा भर निविदेवर आहे. उद्या कुणी उपनिबंधकांकडे अर्ज केला तर कमिटी काय सांगणार?

सी-२०१: आणि गळती निघाली तर? आर्किटेक्ट म्हणणार सूचना कंत्राटदाराची, कंत्राटदार म्हणणार सही आर्किटेक्टची.

बी-३०२: ए-१०४ काका, तुमची भीती रास्त आहे. म्हणूनच दोन वेगळे करार हवेत. पहिला फक्त सल्ल्याचा, ठरावीक फी देऊन, आणि त्यासाठीही दोन-तीन जणांकडून प्रस्ताव मागवून. फुकट सल्ला अजिबात नको, तो पुढे दरात वसूल होतो. नकाशे आणि मोजमापं सोसायटीच्या मालकीची. दर तपासायला क्वांटिटी सर्व्हेअर (कामाची मोजमापं आणि खर्च काढणारा) आपला, त्याचा नव्हे. दर पटला तरच दुसरा, बांधकामाचा करार; नाही तर फी देऊन निरोप, आणि त्याच नकाशांवर निविदा. सी-२०१, प्रत्येक सूचना लेखी घ्यायची. आर्किटेक्ट आणि आरसीसी सल्लागाराने (इमारतीचा सांगाडा ठरवणारा इंजिनिअर) सही केली की त्या सूचनेची जबाबदारी त्यांची.

ए-१०४: आधीच्या साइटचे साचे पडून असतील तर आपल्या खोल्या त्या मापात कोंबायला बघेल तो.

बी-३०२: बघतातच, काका. म्हणून खोल्यांची मापं आधी सभेत मंजूर करू, मग त्याला बोलावू.

सी-४०३: यात महिने गेले तर भाड्याचं काय?

सेक्रेटरी: हे सगळं घरं रिकामी करायच्या आधीचं आहे, ताई. भाडं तेव्हा सुरूच झालेलं नसेल. बी-३०२, पहिल्या कराराचे मुद्दे लिहून द्याल का? काकांचे आक्षेपही त्यात घाला. शनिवारी पीएमसीला, म्हणजे आपल्या प्रकल्प सल्लागाराला, पाठवतो.