कंबरदुखी जुनी आहे, पिकअप कोणती घ्यावी? (भाजीपाला, साधारण सव्वा टन माल)

नमस्कार मंडळी,

जुन्नर तालुक्यात शेती आहे. टोमॅटो, फ्लॉवर, थोडी मेथी-कोथिंबीर. टोमॅटो नारायणगावला जातो, भाव बरा असला की माळशेज घाट उतरून वाशीपर्यंत मीच घेऊन जातो. कमरेत एल-४ एल-५ या खालच्या मणक्यांमधली गादी सरकलेली आहे. एमआरआय झाला, ऑपरेशनची गरज नाही म्हणाले, पण दुखणं मुरलंय आणि ते सोबतच राहणार असं मी धरून चाललोय. कळ डाव्या पायात उतरते, म्हणजे नेमका क्लचचा पाय.

सध्या छोटा टेम्पो आहे (कंपनीचं नाव घेत नाही, उगाच वाद नको). इंजिन सीटखाली आणि माणूस पुढच्या चाकाच्या बरोबर वर. खड्डा चाकाच्या आधी मणक्याला कळतो. तो विकायचं नक्की झालंय. ड्रायव्हर ठेवून पाहिला, ऐन हंगामात टिकत नाही आणि पहाटे तीनला फोन उचलत नाही. त्यामुळे तो सल्ला कृपया नको.

माल साठ क्रेट, वीस किलोच्या हिशोबाने बाराशे किलो. म्हणून टोयोटाची हायलक्स आणि इसुझूची व्ही-क्रॉस बाद. बसायला त्या मोटारीसारख्या आहेत, दोन्हींत ऑटोमॅटिकही मिळते, पण हौदा लहान, आणि हायलक्सच्या पैशात माझं शेततळं, ठिबक आणि साधी पिकअप असं सगळं होईल. इलेक्ट्रिकचाही विचार केला. क्लचच नाही, डाव्या पायाला केवढी सुटका! टाटाची एस ईव्ही एक टनाची आलीय, पण माझा माल त्याहून जास्त, घाट आहे, आणि आमच्याकडे रात्रीची लाईट कधी जाईल ते महावितरणच जाणे.

उरल्या तीन. बोलेरो मॅक्स पिकअप, टाटा योद्धा आणि इसुझू डी-मॅक्सची सिंगल केबिन. तिघींनाही पुढे बॉनेट आहे, त्यामुळे निदान चाकावर बसायचं नाही. बोलेरो मॅक्समध्ये ड्रायव्हर सीटची उंची कमी-जास्त करता येते आणि गॅरेज गावोगाव आहे. डी-मॅक्सला पुढे दोन्ही चाकांना स्वतंत्र कॉइल स्प्रिंग आहेत, पाटे (लीफ स्प्रिंग) फक्त मागे, पण सर्व्हिस सेंटर लांब पडतं. योद्धा अजून चालवलेली नाही.

शोरूममध्ये सगळे आधी टनेज आणि ॲव्हरेज सांगतात. एका ठिकाणी सेल्समन सीटवर बुक्की मारून "बघा, किती मऊ" म्हणत होता. मऊ मला नकोच आहे. बूड खाली रुततं, कंबर गोल होते आणि अर्ध्या तासात पाय बधिर. मी सीटची पाठ मागे घ्यायला लिव्हर ओढला तर ती दोन बोटं सरकली आणि केबिनच्या पत्र्याला थटली. सिंगल केबिनमध्ये सीटमागे जागाच नसते, हे माहितीपत्रकात कुठेच लिहिलेलं नाही. शिवाय चढताना धरायला ड्रायव्हरच्या बाजूला मूठ नव्हती. स्टिअरिंगला लटकून कंबर पिळत चढायचं. माझ्यासाठी तीच हालचाल सगळ्यात वाईट.

तर विचारायचं हे की, कमरेचा त्रास असताना यातली एखादी कोणी रोज चालवतंय का? दोन-तीन तासांनंतर कसं वाटतं? क्लच कितपत जड आहे? आणि बाहेरून दुसरी सीट बसवून घेतली असेल तर फरक पडला का, की नुसते पैसे गेले?

प्रतिसाद

भाऊ, मंचरहून वाशीला माझी पिकअप रोज असते. एक सांगा, कळ जाताना येते की येताना? पाटे भाराच्या हिशोबाने घातलेले असतात. गाडी भरली की ते दबतात, रिकामी असली की आदळतात. मागच्या टायरची हवा भरलेल्या गाडीला वेगळी आणि रिकामीला वेगळी असते, गाडीच्या पुस्तकात दिलेली असते. आपण सगळे भरलेल्या गाडीची हवा ठेवून रिकामे परत येतो. मी बारा व्होल्टचा पंप ठेवतो, माल उतरला की हवा उतरवतो, पण पुस्तकात दिलीय त्याच्या खाली नाही. आणि कोणी "एक पाटा काढून टाक, गाडी मऊ होईल" म्हणालं तर ऐकू नका. बाराशे किलो घेऊन माळशेज उतरायचाय तुम्हाला.

प्रतिसाद

दादा, मी फिजिओथेरपिस्ट आहे. गाडीतलं मला कळत नाही, कमरेचं सांगते. बसलेल्या माणसाच्या मणक्याला सेकंदाला चार ते सहा वेळा होणारे हादरे सगळ्यात जास्त लागतात, कारण त्या वेगाला धडही सोबत डोलायला लागतं. जाड मऊ फोम ते थांबवेलच असं नाही, कधीकधी वाढवतोही. म्हणून सीट हाताने दाबून बघू नका, गाडी खराब रस्त्यावर चालवून बघा. पाठ साधारण शंभर ते एकशे दहा अंशांत हवी, काटकोनात नको. पत्र्याला थटणारी सीट त्यासाठीच सोडा. टॉवेलची गुंडाळी पॅन्टच्या पट्ट्याच्या रेषेत ठेवा. क्लच पूर्ण दाबताना कुल्ला सीटवरून सरकत असेल तर सीट पुढे घ्या.

आणि मार्केटला पोचल्याबरोबर क्रेटला हात लावू नका. बराच वेळ वाकून बसल्यावर कमरेचे स्नायुबंध थोडे सैल पडलेले असतात, तेव्हाच ओझं उचललं की गादीवर येतं. पाच-दहा मिनिटं चाला, मग उतरवा. हौद्याची उंचीही मोजून घ्या, क्रेट कमरेच्या पातळीवर हाताशी यायला हवा.

धागाकर्ता

येतानाच, दादा! जाताना झोप येते, येताना कळ. म्हणजे शोरूमवाल्याची रिकामी गाडीच माझी खरी परीक्षा, फक्त रस्ता मी सांगेन तो. ताई, टॉवेल आजपासून गाडीतच.

ओतूर, आळेफाटा, नारायणगाव भागात डी-मॅक्स सिंगल केबिन किंवा योद्धा कोणाकडे असेल तर एक फेरी मारू द्याल का? डिझेल माझं, वर टोमॅटोचं एक क्रेट.