आचऱ्याचे अच्युत कानविंदे: त्यांची इमारत बघायची कशी?

लालचिरा

नमस्कार. मी मुंबईत आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. आजोळ आचरा, तालुका मालवण. प्रबंधाचा विषय ठरत नव्हता म्हणून आजोबांना फोनवर सहज विचारलं, तर म्हणाले, "कानविंद्यांवर लिही गो. आपल्या आचऱ्याचो माणूस." मला लाज वाटली. चार वर्षांत या वास्तुरचनाकाराचं नाव मी एका तक्त्यातल्या ओळीपुरतं वाचलं होतं: जन्म १९१६, जे. जे., मग अमेरिकेत हार्वर्डला आधुनिक वास्तुरचनेतले मोठे गुरू ग्रोपियस यांच्याकडे शिक्षण, पद्मश्री १९७४. कॉर्बुझिए, लुई कान, चार्ल्स कोरिया, दोशी या वास्तुरचनाकारांवर मात्र आमचे महिनेच्या महिने जातात.

परवा वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात गेले. शाळेच्या सहलीत आले होते तेव्हा इमारतीकडे लक्षच गेलं नव्हतं. या वेळी तीन तास बाहेर बसून स्केच केलं. सोबतची मैत्रीण म्हणाली, "गोदामासारखी वाटते गं." मला तसं वाटत नव्हतं, पण का नाही ते सांगता येईना.

त्यांच्या इमारतींत ज्यांनी दिवस काढले आहेत त्यांनी सांगाल का, आत वावरताना काय कळतं?

गोदाकाठ

लालचिरा, तुझा प्रश्न वाचून सकाळचा चहा तसाच राहिला. मी मेकॅनिकलचा माणूस, आता नाशिकला निवृत्त. १९७१ ते ७६ ही पाच वर्षं आयआयटी कानपूरला काढली. तो सगळा परिसर कानविंद्यांचा, हे मात्र मला नोकरीला लागल्यावर कळलं.

संस्था १९५९ मध्ये सुरू झाली ती कानपुरातल्या दुसऱ्या एका तंत्रशिक्षण संस्थेच्या कँटीनच्या इमारतीत. मग शहराबाहेर कल्याणपूरला हजारएक एकर सपाट जमीन मिळाली आणि कानविंद्यांनी तिथे कोऱ्या कागदावर सुरुवात केली. पहिले संचालक पु. का. केळकर. संचालक मराठी, वास्तुरचनाकार मराठी, आणि जागा गंगेच्या मैदानात! याचा मला आजही अभिमान वाटतो.

आत काय कळतं म्हणतेस, तर सावली कळते. एप्रिल संपत आला की तिकडे लू सुटते. ते वारं तोंडावर आलं की भट्टीचं दार उघडल्यासारखं वाटतं. पण वर्गातून ग्रंथालयात, ग्रंथालयातून प्राध्यापकांच्या इमारतीत जायला पहिल्या मजल्याच्या उंचीवरून लांबच लांब कॉरिडॉर होते, वर छप्पर, दोन्ही बाजूंनी मोकळे. सायकली, गाड्या खालून, माणसं वरून. वर्गांच्या त्या भागात मी कधी छत्री उघडल्याचं आठवत नाही, ना उन्हात ना पावसात.

कॉरिडॉरचा कठडा काँक्रीटचा, गिलावा न केलेला. साच्याच्या फळ्यांचे वळ त्यावर जसेच्या तसे उमटलेले. एका जागी लाकडाची गाठ उमटली होती, आठ आण्याच्या नाण्याएवढी. परीक्षेला जाताना मी तिच्यावरून अंगठा फिरवून पुढे जायचो. सकाळी गार लागायची, दुपारी चटका बसायचा.

आणि सगळ्या विभागांचे प्राध्यापक एकाच इमारतीत बसायचे. तुला कदाचित हे किरकोळ वाटेल, मला तो आराखड्यातला सर्वांत मोठा निर्णय वाटतो. तिसऱ्या वर्षाला उष्णतावहनाचं एक समीकरण मला सुटत नव्हतं. आमच्या सरांकडे निघालो, तर वाटेत गणिताचे सर भेटले. वही बघितली, खिशातून खडू काढला आणि त्या कठड्यावरच मांडून दाखवलं. पुढच्या पावसाळ्यापर्यंत मला त्या जागी ते आकडे दिसत राहिले. आमच्या नात्यातला एक मुलगा दुसऱ्या एका कॉलेजात होता. तिथे प्रत्येक विभागाची इमारत वेगळी आणि मधे मैदान. त्याला गणिताचे सर वर्गाबाहेर कधी भेटलेच नाहीत.

विटेचंही बघ. गंगेच्या गाळाची माती, त्यामुळे वीट तिथलीच. भार घ्यायला काँक्रीटचे खांब आणि तुळया, भिंत नुसती मधे भरलेली. प्रयोगशाळेत नवं यंत्र आलं की भिंत पाडून हलवा, इमारतीला धक्का नाही. साठच्या दशकात अमेरिकेतून अवजड यंत्रं येत होती, पुढे काय येईल ते कोणालाच माहीत नव्हतं. ही सोय ठेवली नसती तर पुढे फार जड गेलं असतं.

दुधाळ

मी लग्नानंतर मेहसाण्याला गेले आणि दूधसागर डेअरीच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काम केलं. ती इमारतही कानविंद्यांचीच, सत्तरच्या दशकातली. वर पाहिलंत तर चौकोनी धुराडी उभी असल्यासारखी दिसतात. त्यांतून धूर येत नाही. डेअरीत वाफ आणि उष्णता सतत असते, गरम हवा आपोआप वर चढते आणि त्या उभ्या पोकळ्यांतून बाहेर पडते. मेहसाण्याच्या उन्हाळ्यात खालून वारं वर ओढलं जाताना ओढणी हलायची. पाहुण्यांना मी हेच आधी दाखवायचे.

वरळीच्या तुझ्या स्केचमध्ये छपरावरचे उंचवटे आले असतील, ते नीट बघ. मला ते थेट आमच्या डेअरीचे भाऊबंद वाटतात.

पेठकर

मी पुण्यात वास्तुरचनेचं काम करतो. लालचिरा, एक सांगतो: प्रबंधात "ग्रोपियसचा शिष्य" एवढ्यावर थांबू नका. अहमदाबादची अटिराची, म्हणजे कापडगिरण्यांच्या संशोधन संस्थेची इमारत पन्नासच्या दशकातली, तिच्यात हार्वर्ड स्पष्ट दिसतं, हलकी आणि सरळ रेषांची. कानपूरला वीट आणि जाड सावली येते. मेहसाण्याला हवाच आकार ठरवते. हा माणूस दर दहा वर्षांनी आपल्या गुरूपासून एकेक पाऊल लांब जात होता, आणि ते मोठ्याने न सांगता. १९५५ मध्ये शौकत राय यांच्याबरोबर दिल्लीत स्वतःची फर्म काढली, त्याआधी सीएसआयआरमध्ये, म्हणजे सरकारी प्रयोगशाळा चालवणाऱ्या संशोधन परिषदेत, वास्तुरचनाकार होते. प्रयोगशाळेत माणसं कशी काम करतात हे त्यांनी तिथे जवळून पाहिलं. मला त्यांच्या सगळ्या कामाचं मूळ तिथे दिसतं.

पुण्यात आलात तर कोंढव्याची एनआयबीएम, म्हणजे बँक व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था, बघा. त्या संस्थेच्या नावाने अख्खा रस्ता ओळखला जातो, रोज तिथे गाड्यांची रांग असते, पण आराखडा कोणाचा ते मी आजवर कोणाच्याही तोंडून ऐकलं नाही.

लालचिरा

सगळ्यांचे मनापासून आभार. दुधाळ काकू, स्केच काढून बघितलं. उंचवटे आहेत, मी त्यांना पाण्याच्या टाक्या समजून अर्धवट सोडले होते. रविवारी परत जाते.

गोदाकाठ काका, आता विषय नक्की: कानपूरचे कॉरिडॉर. रुंदी, कठड्याची उंची आणि सावली कुठवर पडते ते स्वतः मोजायचं आहे. सर म्हणाले, डिसेंबरच्या सुट्टीत जा, हवा छान असते.

गोदाकाठ

डिसेंबरात धुकं असतं, तुला काहीच कळणार नाही. परवानगीचं पत्र आत्ताच टाक आणि मे महिन्यात जा. दुपारी दीडला आधी उन्हात दहा मिनिटं चाल, मग कॉरिडॉरमध्ये चढ. दोन्हीकडे थर्मामीटर धर. आणि ग्रंथालयाकडच्या कठड्यावर ती गाठ सापडली तर फोटो पाठव.