फॉइल बोर्ड 'उलाळ' होतो का? दांडा सरकवल्यावर तोंड उठण्या-दबण्याला मराठी शब्द

खानापूरकर:
माझा भाचा गोव्यात किनाऱ्यावर सर्फबोर्ड दुरुस्त करतो. त्याच्याकडे बेळगाव-कोल्हापूरकडची बरीच पोरं येतात, त्यांच्यासाठी त्याला पानभर सूचना मराठीत हवी आहे. विषय फॉइल बोर्डाचा. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बोर्डाच्या तळाला एक उभा दांडा, दांड्याच्या खालच्या टोकाला पाण्यात आडवी दांडी, तिच्या पुढच्या टोकाला मोठा पंख आणि मागच्या टोकाला छोटा. लाटेवर वेग आला की पंख उचलतो आणि बोर्ड माणसासकट पाण्याच्या वर अधांतरी पळतो. दांडा तळाच्या दोन समांतर खोबणींत चार बोल्टांनी आवळलेला असतो. बोल्ट सैल केले की तो पुढेमागे सरकतो. दांडा सरकवल्यावर बोर्डाचं तोंड उठतं किंवा दबतं, त्यासाठी शब्द हवा. भाच्याने 'संतुलन बिघडते' असं लिहिलंय, पण कुठल्या बाजूने बिघडते ते त्यातून कळत नाही.

शहापूरवाले:
आधी 'फॉइल'चं बघा. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ पान. मग 'जलपर्ण' का नको?

उद्यमबाग:
नको हो. लोक जलपर्णी समजतील आणि तलावातली काढायला महापालिकेला फोन लावतील. नुसतं 'फॉइल' म्हटलं तर आमच्या गावात डब्यातल्या चपातीचा चंदेरी कागद डोळ्यासमोर येतो. 'फॉइल बोर्ड' असं जोडून लिहा आणि भागांना मराठी नावं द्या. पुढचा पंख, मागचा पंख, दांडा, खोबण. दांड्याला 'डोलकाठी' म्हणू नका. डोलकाठी वर उभी असते आणि तिला शीड असतं. हा खाली लोंबतो.

निपाणीकर:
खानापूरकर, तुम्हाला हवा तो शब्द बैलगाडीत आहे. गाडीत मागे जास्त माल पडला की पुढची बाजू उठते, जू वर जातं, बैलांच्या गळ्याला ओढ बसते. त्याला गाडी 'उलाळ' झाली म्हणतात. कारखान्यावर ऊस उतरवताना पुढच्या मोळ्या आधी काढल्या की हमखास होतं. उलट माल पुढे आला की गाडी 'धुरेवर जड', सगळा भार बैलांच्या मानेवर.

आता फॉइलकडे बघा. गाडीचा भार आस पेलतो, इथे पुढचा पंख पेलतो. दांडा खोबणीत पुढे सरकवला की पंख पुढे गेला, म्हणजे माणसाचं वजन त्याच्या मागे पडलं. बोर्ड उलाळ. तोंड उठतं आणि ते दाबून धरायला पुढच्या पायावर रेटा द्यावा लागतो. दांडा मागे नेला की बोर्ड धुरेवर जड. तोंड दबतं, बोर्ड लवकर उठत नाही, मागच्या पायाने रेटावं लागतं. गाडी उलाळ झाली की गाडीवान जरासा पुढे सरकून बसतो, तसा बोर्ड उलाळ झाला की वरचा माणूस पाय पुढे टाकतो. शब्द फक्त दोन, पण बाजू लगेच कळते. माझ्या मते 'संतुलन' काढाच.

उद्यमबाग:
शब्द झकास आहे, एक अडचण सांगतो. आस थांबलेल्या गाडीलाही पेलते, पंख थांबला की काही पेलत नाही. त्याची उचल वेगाच्या वर्गाने वाढते. मागचा छोटा पंख बहुतेक वेळा शेपटी खाली दाबत असतो. तो दाबही वेगाबरोबर वाढतो, म्हणून जोराच्या लाटेवर तोंड आणखी उठू पाहतं. हळू लाटेवर बरोबर बसलेला बोर्ड जोराच्या लाटेवर उलाळ होऊ शकतो. गाडी ओझं न हलवता अशी उलाळ होत नाही. तेव्हा सूचनेत 'वेगात उलाळ' असं वेगळं लिहावं लागेल. त्यावर दोन इलाज. एक तर दांडा मागे घ्या, किंवा मागच्या पंखाखाली पातळ पाचर घालून त्याचा कोन बदला. आमच्या वर्कशॉपमध्ये पाचरीला सरळ 'शिम' म्हणतात, तेच लिहा.

चिक्कोडीकर:
उलाळ आमच्याकडे म्हातारी माणसं म्हणतात. पोरांना कळेल का, शंका आहे. कन्नड बोलणारे शेजारी गाडीला चक्कडी म्हणतात, जुवाला नोग. पण गाडी कुणाचीही असो, उलाळ झाली की पळापळ एकच. सूचनेत पहिल्यांदा येईल तिथे 'उलाळ, म्हणजे तोंड वर' असं लिहा, पुढे नुसतं उलाळ.

आणि 'प्रोन'ला काय लिहिलंय? पोटावर झोपून दोन्ही हातांनी पाणी मारत लाट पकडायची, तोच ना? आपल्याकडे 'पालथं' आहे. पोहणारे 'हात मारणे' म्हणतात. 'पालथं पडून हात मारत' एवढं पुरे.

खानापूरकर:
हो, तोच प्रकार. भाच्याचा खरा प्रश्न मात्र लहान बोर्डाचा आहे. साडेचार फुटी सोडून चार फुटांच्या आतला घेतला की लोक म्हणतात, जुन्या बोर्डावर शेपटीपासून दांडा जितक्या अंतरावर होता तितकाच नव्यावर ठेवा. आणि मग बोर्ड हट्टी घोड्यासारखा वागतो.

उद्यमबाग:
कारण माप चुकीच्या टोकापासून धरलं. लहान बोर्डाची शेपटी कमी किंवा वेगळ्या आकाराची असते, खोबणीही निराळ्या जागी असतात. माणूस शेपटीच्या हिशेबाने उभा राहत नाही. माप मागच्या पायापासून धरायचं. जुन्या बोर्डावर मागचा पाय दांड्याच्या किती पुढे किंवा मागे पडत होता ते बघा, नव्यावरही तसंच जमवा. शिवाय आडवी दांडी बदलली असेल तर दांड्याचं मापही फसवतं, कारण पंख दांड्यापासून जवळ किंवा लांब जातो. तेव्हा पुढच्या पंखापासून मोजा. पंख मोठा घेतला तर आधी दांडा थोडा मागेच ठेवा.

लांब बोर्डावर पाय दोन बोटं इकडेतिकडे करायला जागा असते. लहान बोर्डावर ती कमी, म्हणून चूक झाकत नाही, दांडाच हलवावा लागतो. एका वेळी अर्धा सेंटीमीटर, फार तर एक, आणि प्रत्येक जागी खोबणीशेजारी पेनाने खूण.

चिक्कोडीकर:
पालथं पडल्यावरचं वजन वेगळंच की. झोपल्यावर ठीक आणि उभं राहिल्यावर उलाळ, असंही होत असेल.

उद्यमबाग:
होतं की. हात मारताना वेग कमी, पंखाला फारशी उचल नसते, छाती पुढेमागे सरकवून बोर्ड सपाट ठेवता येतो. उभं राहिल्यावर पाय हवे त्याच्या मागे पडले की उलाळ झालाच. तोंड चढतं, पंख पाण्याबाहेर येतो, उचल जाते आणि बोर्ड आपटतो. म्हणून झोपून बरं वाटलं तरी दांडा तिथेच पक्का करू नका, उभं राहून बघा.

निपाणीकर:
मग सूचना अशी लिहा: 'पुढच्या पायाची मांडी भरून येत असेल तर बोर्ड उलाळ आहे, दांडा मागे घ्या. मागचा पाय दुखत असेल आणि बोर्ड उठतच नसेल तर बोर्ड धुरेवर जड आहे, दांडा पुढे घ्या.'

खानापूरकर:
हे भाच्याला पाठवतो. एक शंका राहिली. 'बोर्ड उलाळ झाला' म्हणायचं, का 'उलाळला'?

निपाणीकर:
'उलाळ झाला'. 'उलाळला' म्हटलं तर बोर्डाने आपण होऊन उडी मारली असं वाटतं. खाली पडलेला माणूस तसंच सांगतो, ते निराळं.