ॲलेक गिनेसचे 'प्राध्यापक गोडबोले' तुम्हाला पटतात का?

तिसरी_घंटा: काल ई. एम. फॉर्स्टरच्या कादंबरीवरचा 'अ पॅसेज टू इंडिया' (१९८४) हा चित्रपट पुन्हा पाहिला. व्हिक्टर बॅनर्जी, सईद जाफ्री, रोशन सेठ असे नट घेतलेत आणि आपल्या गोडबोल्यांसाठी मात्र दिग्दर्शक डेव्हिड लीनने तोंडाला रंग फासलेला इंग्रज आणला, ॲलेक गिनेस! गिनेस मोठा नट, वाद नाही. 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स'मध्ये (१९४९) एकाच घराण्यातली आठ माणसं त्याने एकट्याने उभी केली. पण इथे गोडबोले दिसलेच नाहीत, नुसतं वेषांतर दिसलं. दोनच वर्षांपूर्वी 'गांधी'त डॉ. लागूंनी गोखले केले होते. त्यांना का नाही विचारलं?

पिटातला_प्रेक्षक: आजचा चष्मा लावून तेव्हाचं बघताय. गिनेस रंगभूमीवर घडलेला. १९३४ साली नट-दिग्दर्शक जॉन गिलगुडने त्याला 'हॅम्लेट'मध्ये ऑस्रिकची भूमिका दिली, पुढे लंडनचं ओल्ड व्हिक नाट्यगृह. स्वतःचा चेहरा पुसून दुसरा चढवायचा, हीच ती तालीम. बालगंधर्व शालू नेसून उभे राहायचे तेव्हा कोणी विचारलं, बायका नव्हत्या का म्हणून?

तिसरी_घंटा: नाही विचारलं, कारण घरंदाज बाईला रंगमंच बंदच होता! उदाहरण माझ्याच बाजूचं दिलंत. आणि 'आजचा चष्मा' कसला? 'ऑलिव्हर ट्विस्ट'मध्ये (१९४८) गिनेसने फेगिन या ज्यू खलपात्राला जे नाक लावलं, त्यावरून ज्यूविरोधाचा आरोप तेव्हाच झाला. अमेरिकेत चित्रपट १९५१ला लागला, तोही कापून. दिग्दर्शक लीनच.

जुनी_वही: रंगाचं पुरे. फॉर्स्टर १९२१ साली देवास संस्थानाच्या थोरल्या पातीच्या पवार महाराजांचा खासगी चिटणीस होता, गोकुळाष्टमीचा उत्सव त्याने तिथे पाहिला. म्हणून कादंबरीतले गोडबोले 'तुकाराम, तुकाराम' म्हणत देहभान विसरून नाचतात. गिनेसचा नाच चित्रित झाला होता, लीनने तो संकलनात उडवला. भजनच काढून घेतल्यावर उरला तो गूढ बोलणारा म्हातारा. तिथे लागू असते तरी काय करणार होते?

पिटातला_प्रेक्षक: हे माहीत नव्हतं. मग दोष लीनच्या कात्रीचा म्हणा. तसंही 'ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'च्या वेळी कर्नल निकल्सन कसा करायचा यावरून दोघांचं वाजलं होतंच. त्याच कामाला गिनेसला ऑस्कर मिळालं.

तिसरी_घंटा: कात्री लीनची, मान्य. रंगाला होकार मात्र गिनेसचा. आणि लागू असते तर कापायच्या आधी एकदा तरी 'तुकाराम' नीट म्हटलं गेलं असतं हो!