तुम्ही कधी हरकत घेतलीत? (अनुभव धागा)

शेंगदाणा (धागाकर्ती)

आमच्या गल्लीच्या टोकाला जुन्या दवाखान्याच्या आवारात अकरा झाडं आहेत. एक दिवस बुंध्यांवर लाल रंगाचे आकडे पडले. पाच नंबरच्या चिंचेला, तेही भिंतीकडच्या बाजूला, खळीने चिकटवलेली झाडतोडीची नोटीस होती. मुलाचा चेंडू तिकडे गेला म्हणून दिसली, नाहीतर कुठली दिसतेय! हरकतीला सात दिवस, त्यातले तीन उलटून गेलेले.

नोटिशीत 'चिंच 4, कडुलिंब 4, इतर 3'. या 'इतर'मध्ये चक्क एक वड होता. शिंप्याची टेप घेऊन गेले, तर दीड मीटरची टेप त्याच्या निम्म्या घेरालाही पुरेना. शहरी भागातल्या झाडांचा आपला कायदा 1975चा. 2021च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांच्या पुढच्या झाडाला हेरिटेज वृक्ष मानतात, हे त्या रात्री वाचून कळलं. दुसऱ्या दिवशी हरकत लिहून आवक-जावकच्या टेबलाशी गेले. "ठेवा इथं." पोच मागितली तर शिक्का सापडेना. मीही बाकावर बसून राहिले. चाळीस मिनिटांनी सापडला.

सुनावणी व्हायचीय. तोवर तुमचं सांगा. नगरपालिका, ग्रामसभा, वॉर्ड ऑफिस, काहीही चालेल. फसलेलं असेल तर आधी सांगा.

पायवाट

आमच्याकडं ओढ्याकाठच्या गायरानात पोल्ट्रीची घाण पडायची. ग्रामसभेत विषय काढायचा ठरवलं. पहिल्यांदा गेलो तर सभाच तहकूब. गणपूर्तीला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातलं जे कमी असेल तेवढं माणूस लागतं, आणि हॉलात आम्ही बावीस. सगळे घरी गेले, मीही गेलो. इथंच चुकलं. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. पुढची सभा सात-आठ जणांत उरकली आणि आमचा विषय 'चर्चा झाली' एवढ्यावर मिटला.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेला शहाणे होऊन गेलो. सह्यांचं रजिस्टर आधी फिरवायचं आणि ठराव मागाहून सावकाश लिहायचा, ही तिथली रीत. आमच्या चुलतीनं पेन हातात घेतलं आणि म्हणाली, "भाऊसाहेब, आधी वाचून दावा, मग सही." ग्रामसेवक हसले, पण त्यांना वाचावं लागलं. ठरावात 'घाण टाकू नये अशी विनंती' होतं, ते खोडून 'सात दिवसांत नोटीस बजावावी' घातलं. सूचक चुलती, अनुमोदक मी. नक्कल मिळायला तीन हेलपाटे पडले. घाण बंद झाली का? झाली. आता पलीकडच्या गावाच्या हद्दीत पडते, ते वेगळं.

ओढ्याकाठी

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालोय, त्यामुळे नकाशे वाचता येतात, तेवढंच भांडवल. शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांना महिनाभराची मुदत असते. (1966च्या नगररचना कायद्यातली ही तरतूद आहे, उपकार नाहीत.) आमच्या मागचा ओढा आराखड्यात बारीक निळी रेघ होऊन आला होता आणि दोन्ही काठांना निवासी पिवळा रंग.

शंभरेक लोकांनी एकाच मजकुराच्या छापील हरकती दिल्या, 'पर्यावरण वाचवा, ओढा वाचवा'. शेजारच्या दोघांनी आणि मी तसं केलं नाही. भूमी अभिलेखमधून जुन्या गटनकाशाची नक्कल काढली, गट नंबर घातले, ओढ्याची रुंदी तीन ठिकाणी मोजली आणि तीनच ओळींत मागणी लिहिली. सुनावणीत छापीलवाल्यांना "नोंद घेतली" म्हणून एकगठ्ठा वाटेला लावलं. आमच्या नकाशाकडे मात्र समितीतले एक साहेब चष्मा लावून वाकले. अंतिम आराखड्यात एका काठाला हरित पट्टा आला, दुसऱ्या काठाला नाही. दुसऱ्या काठाची मोजमापं आम्ही दिलीच नव्हती. अजून टोचतं.

कोरडा_ढग

वाचायला बरं वाटतं. पण 2022पासून तीन वर्षांहून जास्त काळ आमच्या महापालिकेत नगरसेवकच नव्हते, नुसता प्रशासक. ठराव मांडणारे तेच, मंजूर करणारेही तेच. त्या काळात पत्रं लिहून लिहून माझी एक फाइल भरली. उत्तर एकच, 'संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आले आहे.' संबंधित विभाग कोणता हे विचारायला माहितीचा अर्ज टाकला, दहा रुपयांचा स्टँप लावून. तो अर्जही वर्ग झाला!

ओढ्याकाठी

ढगसाहेब, प्रथम अपील केलंत का?

कोरडा_ढग

नाही. तिथे दमलो.

मागच्या_बाकावरची

एक टर्म नगरसेविका होते, त्यामुळे टेबलाची दोन्ही टोकं पाहिलीत. विषयपत्रिकेवरच्या पहिल्या दहा-बारा विषयांवर दिवाबत्तीपासून गटारीपर्यंत तासभर खडाजंगी होते. मग जेवणाची वेळ होते, वडे येतात आणि 'आयत्या वेळचे विषय' निघतात. तळ्याकाठचा प्लॉट तिथून जातो. माझ्या पहिल्याच सभेत गेला, आणि मी वडा खात होते. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना 'माझा विरोध नोंदवा' म्हटलं, तर "ताई, तेव्हा बोलला नाहीत." खरंच होतं.

पण माझा खरा पराभव कचऱ्यात झाला. 2016च्या नियमांप्रमाणे ओला-सुका वेगळा घ्यायचा, म्हणून प्रभागातच खताची शेड काढायची ठरवली. जाहीर सभेत टाळ्या पडल्या. वेंगुर्ल्याने कचरा डेपोची बाग केली ते सगळ्यांना माहीत होतं, काही जण सहलीला जाऊन आले होते. जागा ठरली तेव्हा त्याच टाळ्यावाल्यांनी माझ्या घरी येऊन सांगितलं, "शेड हवीच, पण आमच्या गल्लीत नको." चार गल्ल्या फिरले. शेवटी माझ्याच घरामागे काढली. पुढच्या निवडणुकीत पडले. शेड चालू आहे, गुलाबाला खत तिथूनच नेते.

माडाची_झाप

आमच्या गोंयात ग्रामसभा बहुतेक रविवारी. सकाळची मासळी घरात टाकायची आणि पंचायतीत जाऊन तोंड वाजवायचं. 2006मध्ये प्रादेशिक आराखडा आला तेव्हा डोंगरच्या डोंगर बांधकामाला खुले झालेले दिसले. लोक असे पेटले की जानेवारी 2007मध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला. मी तेव्हा कॉलेजात. आमचे वडील नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरून आपली बागायत शोधत होते, ते आठवतं. अजून कुणी डोंगर कापायला लागला की वाड्यावरचे आधी सर्व्हे नंबर विचारतात.

परसदार

न्यू जर्सीतून. इथे गावागावाला एन्व्हायर्न्मेंटल कमिशन नेमता येतं, 1968च्या कायद्याने. निवडणूक नाही, मेयर नेमतात, पगार शून्य. फॉर्म एका पानाचा. एक सदस्य प्लॅनिंग बोर्डावरही बसतो, आणि दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून ती मी झाले. आमच्या भागात भल्यामोठ्या गोदामांची लाट आलीय. पाणथळीला लागून असलेल्या एका गोदामाचा निचऱ्याचा आराखडा मी दोन रात्री वाचला आणि बैठकीत एवढंच विचारलं, "पार्किंगचं पाणी कुठे जाणार?" वकिलाने इंजिनिअरकडे पाहिलं, इंजिनिअरने कागद चाळले. मंजुरी दोन महिने लांबली आणि साठवण तळं मोठं झालं. गोदाम झालंच. पुण्यात वीस वर्षं राहिले, पण वॉर्ड ऑफिसची पायरी कधी चढले नव्हते, हेही सांगून टाकते.

शेंगदाणा

सुनावणी झाली. ओढ्याकाठी काकांचं वाचून झाडागणिक घेर, फोटो आणि नंबर असा तक्ता नेला होता. वड आणि कडुलिंब राहिले. चिंचांपैकी दोन जाणार, त्यातली एक पाच नंबरची. बदल्यात कोणती रोपं, कुठे आणि कधी लावणार, याची यादी लेखी मागितलीय. या वेळी शिक्का टेबलावरच होता.