मदत हवी आहे: रीसेल फ्लॅट, पण ऑडिट दाखवत नाहीत

नमस्कार मंडळी. रत्नागिरीत किनाऱ्याजवळ रीसेल फ्लॅट बघतोय, इमारत २००६ ची. पार्किंगमधल्या एका खांबाचं काँक्रीट सुटून गंजकी सळई दिसतेय, बाकी सगळीकडे ताजा रंग! एजंट म्हणतो, "खारी हवा, चालायचंच." महाडची २०२० ची इमारत कोसळल्याची दुर्घटना आठवते, त्यामुळे मला ते चालत नाही.

रेरा (घरखरेदीदारांसाठीचा कायदा) मधली बांधकामातल्या दोषांसाठीची बिल्डरची ५ वर्षांची जबाबदारी इतक्या जुन्या इमारतीला कामाची नाही. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियम) इमारतीला १५ वर्षं झाल्यावर दर ५ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) हवं, पण सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, "आधी सभासद व्हा, मग दाखवू." (वा!)

टोकन देण्याआधी विकणाऱ्याकडून ऑडिट रिपोर्ट लेखी मागता येतो का? नगरपरिषदेतून माहिती अधिकारात भोगवटा प्रमाणपत्राची (इमारत राहण्यायोग्य असल्याचा दाखला) प्रत कुणी काढली आहे का? सळईचा गंज तपासणारा इंजिनीअर रत्नागिरी-चिपळूणकडे असेल तर सुचवा.