चौकाशिवाय वारली चित्रकला?

एकांनी लिहिलंय की वारली चित्रं म्हणजे त्रिकोण आणि काड्या, ठाण्यात सोसायटीच्या भिंतीवर कोणीही काढतं. मला हे पटत नाही. अंगठीवरही ही चित्रं येतात म्हणून ती सोपी ठरत नाहीत.

लग्नघरातला चौक बघा, म्हणजे वारली लग्नासाठी घराच्या भिंतीवर काढतात ते चौकोनी चित्र. शेणामातीनं सारवलेली भिंत, तांदळाचं पीठ पाण्यात कालवून केलेला पांढरा रंग आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. चौक काढतात त्या सुवासिनी. मध्ये पालघाट, वारल्यांची सुफलतेची देवी, बसते, चौकटीला नक्षीच्या किती तरी ओळी. विधी धवलेरी करते, गाणी म्हणते, म्हणजे लग्न लावणारी बाईच. चौकाशिवाय लग्न लागत नाही. बाजारात मात्र तारपा नाच (तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य) तेवढा विकला जातो, देवी आणि धवलेरी गायब!

सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णींनी वारली पाड्यांवर कागद नेला, मग वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे जगभर पोचले, 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचं काम थोरच आहे, पण भिंतीवर चौक काढत आलेल्या बायकांचं नाव कुठे नोंदलं गेलं?

येऊरच्या डोंगरावर, ठाणे शहराच्या हद्दीतच, वारली पाडे आहेत. सोसायटीची भिंत रंगवायची असेल तर स्टेन्सिलवाल्याला बोलवण्याआधी तिथे किंवा डहाणू-तलासरीकडे विचारा, चित्रकाराचं नाव भिंतीवर लिहा आणि योग्य मोबदला द्या. ठेकेदार मध्ये नको, कारण त्यात पैसे मुरतात.